टँकरच्या पाण्यावर बोट

जालन्याचा माणूस बोटीविषयी बोलू लागला की ऐकणारे आधी त्याच्या कपाळाला हात लावून बघतात. मला त्यांचं काही चुकतंय असं वाटत नाही. समुद्र इथून जवळपास चारशे किलोमीटर. पाऊस वर्षाला सहाशे-सातशे मिलिमीटर, तोही त्याची मर्जी असली तर. जिल्ह्याची ओळख म्हणजे बियाणं, लोखंडी सळया आणि मोसंबी, आणि २०१२-१३ च्या दुष्काळात त्यातल्या मोसंबीच्या कितीतरी बागांचं सरपण झालं. नळाला पाणी कधी येतं असं बाहेरच्या पाहुण्यानं विचारलं तर आम्ही वेळ सांगत नाही, तारीख सांगतो. अशा मुलखात बोटीच्या मागे लावायच्या जुन्या इंजिनाची तब्येत कशी तपासावी यावर लिहायला बसणं म्हणजे उपासाच्या दिवशी बासुंदीची कृती सांगणं. पण गोष्ट खरी घडली आहे आणि ती घडायला कारण आहे.

कारण म्हणजे गोदावरी. अंबड, घनसावंगी, परतूर या तालुक्यांची दक्षिणेची शीव तिनं आखलेली आहे. शहागडच्या पुलावरून बीडकडे जाताना एरवी जी नदी दिसते तिला पाण्यापेक्षा वाळूमुळे जास्त गिऱ्हाईक. पुढं जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळीच्या बंधाऱ्यांनी पाणी अडवलंय तेवढ्या टापूत ती नदीसारखी दिसते. मात्र वर पैठणला जायकवाडीचे दरवाजे उचलले की सगळा हिशोब फिरतो. २००६ च्या ऑगस्टमध्ये फिरला होता. २०२५ च्या सप्टेंबरात तर तीन लाख क्युसेकच्या घरात पाणी सुटलं आणि ज्या गावांनी उन्हाळ्यात टँकरची वाट बघितली होती ती बोटीची वाट बघत बसली. बोट येते, नाही असं नाही. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी धुळ्याहून निघते, राष्ट्रीय दलाची पुण्याहून. तोवर माणसं छपरावर आणि म्हशी पोहत.

जांब समर्थच्याही पलीकडे, नदीच्या अंगाला माझ्या भाच्याचं गाव आहे. पूर ओसरला, पंचनामे झाले, आणि तिथल्या गणेश मंडळाच्या पोरांनी ठरवलं की पुढच्या वर्षी डीजे नाही, बोट. वर्गणी जमली. फायबरची एक छोटी होडी मिळाली. इंजिन नवं घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून ओळखीतून कोकणातलं एक जुनं ठरलं : पंधरा हॉर्सपॉवर, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक. थोडी उचल द्यायची, पसंत पडलं तर ठेवायचं, नाही तर परत. वाशीला मोसंबी उतरवून मोकळ्या येणाऱ्या गाडीतून ते जालन्यात आलं.

भाच्याचा फोन. “मामा, मशीन तर आली. पण ती धडधाकट हाय का दुखणाईत, कसं कळन?”

“कोकणातल्या माणसानं काय सांगितलं?”

“तो म्हणला, एक नंबर हाय.”

“मग ती विकली कामून?”

भाचा गप्प. नंतर हळूच, “तुमच्या वळखीचे ते उस्ताद हायेत नं मोंढ्याकडचे?”

उस्तादांनी बोटीचं इंजिन जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांचा हात बसलेला मोटारसायकलवर आणि बोअरच्या मोटारींवर. पण ते इंजिन लाकडी घोडीवर उभं केलं तेव्हा त्यांनी चष्मा वर सरकवला, भोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, “ऊपर लुना, नीचे सबमर्सिबल. इसमें नया क्या है?” या प्रकारच्या यंत्राचं इतकं नेमकं वर्णन मला दुसरीकडे वाचायला मिळालेलं नाही. वर टू-स्ट्रोक इंजिन, मधे उभा दांडा, खाली गिअर आणि पंखा, आणि थंड ठेवायला नदीचंच पाणी ओढून घेणारा एक छोटा पंप. एवढाच प्रपंच.

या प्रपंचाचा मूळपुरुष म्हणून ओले एव्हिनरूड याचं नाव घेतात. नॉर्वेत जन्मलेला, अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये वाढलेला हा गडी. १९०६ च्या उन्हाळ्यात तळ्याकाठी सहलीला गेला असताना त्याच्या होणाऱ्या बायकोला आइस्क्रीमची हुक्की आली, हा वल्ही मारत पलीकडे गेला, आणि परत येईतो आइस्क्रीमचं दूध झालं, अशी गोष्ट सांगतात. तिथून त्याच्या डोक्यात भुंगा शिरला आणि १९०९ मध्ये दीड हॉर्सपॉवरचं, अठ्ठावीसेक किलोचं इंजिन बाजारात आलं. असली इंजिनं त्याच्या आधीही एकदोघांनी बनवली होती, पण त्यांच्या गोष्टीत आइस्क्रीम नव्हतं, त्यामुळे ते मागे पडले. त्याच्या नावाची इंजिनं पुढे २०२० पर्यंत निघत होती. उस्तादांना मी ही कथा सांगितली. ते म्हणाले, “औरत की फर्माइश के बिना दुनिया में कुछ बना है क्या?” आणि आतल्या दाराकडे एकदा बघून घेतलं.

तपासणी सुरू झाली ती बैलबाजारातल्यासारखी. जनावर घेणारा आधी दावणीपासून चार हात लांब उभा राहतो, काही बोलत नाही, मग जवळ जाऊन शेपटी धरतो, खूर बघतो, शेवटी दात. उस्तादांनी आधी रंग बघितला. झाकण नवंकोरं रंगवलेलं. “नवरी को ज्यादा पावडर लगाए तो समझना,” एवढंच म्हणाले आणि झाकण काढून बाजूला ठेवलं. आत डोक्याजवळचा रंग जळून फुगलाय का, ते बोटानं चाचपलं. इंजिन कधी काळी पाण्याविना तापलं असेल तर तिथला रंग पोळून निघतो, आणि विकणारे बाहेरून रंगवतात, आतून नाही. इथला रंग जुना होता पण शाबूत. पंख्याच्या खाली जो सुकाणूसारखा पातळ भाग असतो तो एका कोपऱ्यात मोडून पुन्हा वेल्डिंग केलेला. म्हणजे हे जनावर एकदा तरी खडकाला धडकलेलं. मग पंखा धरून हलवला. दांडा डुगडुगत नव्हता.

दोरी ओढली. कंबरेत झटका बसेल इतका विरोध हवा. सहज आली तर समजावं की आतल्या पिस्टनच्या रिंगा गेल्या. दोन्ही प्लग काढून भोकावर अंगठा ठेवून त्यांनी पोराला दोरी ओढायला लावली. अंगठा फटकन उडाला, दुसऱ्या भोकावरही उडाला. तरी अंगठ्यावर उधारी नको म्हणून दाब मोजायचा गेज लावला. एकावर ११०, दुसऱ्यावर १०५. आकडा किती, यापेक्षा दोघांत फरक किती याला जास्त किंमत. दहा टक्क्यांच्या आत असला तर सिलिंडर एकमेकांचा संसार सांभाळतात. एक १२० आणि दुसरा ७० असला तर बाकी काही बघायच्या आधी गाडीभाडं देऊन परत पाठवावं.

मग प्लग उजेडात धरले. बिस्किटाच्या रंगाचा प्लग म्हणजे इंजिनाचं जेवणखाण बरं चाललंय. पांढराफटक म्हणजे ते उपाशी आणि तापलेलं, काळा ओला म्हणजे अजीर्ण. आणि दोनपैकी एकच प्लग वाफेनं धुतल्यासारखा स्वच्छ असला तर त्याचं कौतुक करू नये, त्या सिलिंडरात पाणी झिरपतंय. आपले दोन्ही काळे, ओले. उस्तादांनी वास घेतला. “तेल जास्ती पिलाया.” जुन्या टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं हे लुना आणि राजदूत चालवलेल्या पिढीला सांगायला नको. या मशीनचं प्रमाण पन्नासाला एक, म्हणजे लिटरला वीस मिली. पण आपल्याकडे तेल घालणाऱ्याचा हात वाढणाऱ्याच्या हातासारखा सढळ, थोडं जास्त घातलं तर इंजिनाला बरंच वाटेल अशी भाबडी समजूत. भाच्यानं लगेच वहीत लिहून घेतलं, “२० मिली. माप पाहिजे. चहाचा कप नको.”

खालच्या गिअरचं तेल काढायची वेळ आली तेव्हा मात्र सगळे वाकले. खालचा स्क्रू सैल केला आणि जे बाहेर आलं ते दुधाळ होतं, दूध घातलेल्या चहाच्या रंगाचं. तेलात पाणी. भाच्याचा चेहरा पडला. उस्तादांनी न बोलता पंखा उतरवला, आणि दांड्यावर, पंख्याच्या मागे, बांगडीसारखा घट्ट बसलेला नायलॉनचा धागा दिसला. जाळ्याचा. कोकणातल्या कुठल्याशा खाडीत कधीतरी गुंतला असेल, दांड्याबरोबर फिरत फिरत आत सरकला आणि रबरी सील कापून बसला. तो उचकटून काढला तर हातभर निघाला. तो धागा उस्तादांनी टेबलावर पसरला आणि आम्ही सगळे बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिलो. त्याच्या टोकाला एक बारीक माशाचं खवलं अजून चिकटलेलं होतं. सील दोनचारशेचं काम. स्क्रूच्या लोहचुंबकाला लोखंडाचे कण फार नव्हते, म्हणजे दात अजून झिजले नव्हते. किमतीत तोडायला एक मुद्दा मिळाला, हे भाच्याच्या उशिरा लक्षात आलं, पण आलं.

आता चालवून बघायची. आणि इथं जालना आडवा आला.

हे इंजिन कोरडं चालवता येत नाही. खालच्या पंपात रबरी पात्यांचा इंपेलर असतो, त्याला वंगण म्हणून पाणीच लागतं; पाणी नसलं तर काही क्षणांत त्याचं रबर करपायला लागतं, आणि वर इंजिन तापतं ते वेगळंच. हे मी उस्तादांना पुस्तकात वाचून सांगणार होतो, तर ते हसले. जालन्यात ज्यानं एक बोअर घेतलाय त्याला कोरडी मोटर जळणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. मार्च-एप्रिलमध्ये पाणी खाली गेलं आणि मोटर तशीच चालू राहिली की रात्रीत जळते, सकाळी रिवायंडिंगच्या दुकानापुढे रांग. अर्धा मोंढा कोरड्या मोटारींवर जगतो.

तर पिंप हवं. दोनशे लिटरचं, काठोकाठ भरलेलं, म्हणजे पाणी ओढायची जाळी बुडेल. पिंप होतं. पाणीही होतं, पण ते आदल्या दिवशीच्या टँकरचं. उस्तादांनी आत आवाज दिला आणि भाभी दारात आल्या.

“ये मशीन को पिने का पानी देना?”

“पीती नहीं, नहाती है.”

“हम चार दिन से नहीं नहाए, उसको पहले नहलाते?”

यावर आम्हा पुरुषमंडळींकडे उत्तर नव्हतं. शेवटी भाच्यानं बाहेर जाऊन एका खासगी टँकरवाल्याला गाठलं. बोटीसाठी पाणी पाहिजे म्हटल्यावर त्यानं पैसे आधी मागितले.

पिंप भरलं. इंजिन त्याच्या काठाला लाकडी फळी लावून अडकवलं. तिसऱ्या झटक्याला ते खोकलं, धूर काढला आणि लागलं. पिंपात असा काही खळखळाट झाला की गल्लीतली पोरं धावत आली. उस्तादांचे डोळे मात्र एकाच ठिकाणी. इंजिनाच्या मागच्या अंगाला एक बारीक छिद्र असतं आणि तिथून पाण्याची धार पडली पाहिजे. ती धार हीच या यंत्राची नाडी. धार ठणठणीत तर पंप ठीक, पाणी वरपर्यंत चढतंय, डोकं थंड. आमच्या छिद्रातून काहीही आलं नाही. उस्तादांनी लगेच बंद केलं. बारीक तार घालून छिद्र टोकरलं तर मिठाचे खडे पडले. समुद्रात चालवलेलं इंजिन गोड्या पाण्यानं धुवावं लागतं, नाही तर वाळलेलं मीठ आतल्या वाटा बुजवतं. जालन्यात येताना ते चिमूटभर समुद्र बरोबर घेऊन आलं होतं. पुन्हा सुरू केलं तेव्हा धार आली, पण म्हाताऱ्यासारखी, थेंब थेंब, बुटावर पडणारी. पंप खोलला. इंपेलरची सहाही पाती एकाच बाजूला वाकून तशीच ताठ झालेली. बरेच महिने एका जागी उभं राहिलं की असं होतं. रबर वाकलेल्या आकारातच म्हातारं होतं. मुंबईहून नवा इंपेलर मागवावा लागला आणि त्याच्यासोबत सीलही. दोन्ही मिळून किंमत एवढी, की भाच्यानं कोकणात फोन लावून दुधाळ तेलाचं आणि मिठाच्या खड्यांचं वर्णन भावनेच्या भरात केलं आणि सौद्यातून बऱ्यापैकी रक्कम तोडली.

पिंपातलं पाणी तेलकट निळं झालं होतं. भाभींनी ते आम्हाला दाखवायला पिंपात मग बुडवून वर धरला. फेकायला कुणाचं मन होईना. शेवटी शेजारच्या पंक्चरवाल्यानं मागून नेलं. ट्यूब बुडवून बुडबुडे बघायला त्याला ते आठवडाभर पुरलं.

नवा इंपेलर बसला, पिचकारीसारखी धार लागली, तरी इंजिन मधेच गुदमरून बंद पडू लागलं. कार्बोरेटर खोलला. आत डिंकासारखा थर. पेट्रोल बरेच दिवस पडून राहिलं की असं होतं, हे जुनं दुखणं. आता त्यात वीस टक्के इथेनॉल असतं. त्यामुळे गंज, जुन्या रबरी नळ्या फुगणं आणि मुख्य म्हणजे पाणी. इथेनॉलला पाण्याची ओढ. हवेतली वाफ ओढून ते पेट्रोलात पाणी जमवतं आणि पुरेसं जमलं की दोघं मिळून टाकीच्या तळाशी वेगळी चूल मांडतात. मला यात एक मौज दिसली. इथेनॉल उसातूनही येतं. ऊस येतो आमच्याच गोदाकाठाहून, जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर. म्हणजे पिकाला पाजलेलं गोदेचं पाणी कारखान्यातून पेट्रोलात जाऊन बसतं आणि गोदेच्या पुरातून माणसं काढायला आणलेल्या इंजिनाच्या कार्बोरेटरमधे येऊन अडतं. हे मी भाच्याला सांगितलं. त्याचा दोन एकर ऊस आहे. त्यानं विषय बदलला.

बाकी कशापेक्षाही मला घोर लागला तो या यंत्राच्या नोकरीचा. कोकणातलं इंजिन रोज राबतं. ते झिजतं, पण झिजून मरतं, त्यात काही अन्याय नाही. आपल्याकडच्या इंजिनानं चालू नये अशीच सगळ्यांची प्रार्थना. ते वर्षानुवर्षं पत्र्याच्या खोलीत उभं राहणार, मे महिन्यात बेचाळीस अंशांत रबर कडक होणार, पेट्रोलचा डिंक होणार, कुंभारमाशी त्या नाडीच्या छिद्रात घर करणार. आणि कुठल्याही साठा नोंदवहीत दर जूनला त्याच्यापुढे एकच शब्द लिहिलेला असतो : सुस्थितीत. तो शब्द लिहिणाऱ्यानं दोरी ओढून बघितलेली असते असं समजू नये. पुसून घेतलेलं असतं एवढं नक्की. आमच्या आधीच्या पिढीकडे पुरात गूळ शिजवायची काहील होती. तीत बसून माणसं नदी पार करायची. जायकवाडीच्या फुगवट्यात थर्माकोलच्या चप्पूवर बसून शाळेत जाणाऱ्या पोरांची बातमी २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठापर्यंत गेली. काहिलीला नि चप्पूला कार्बोरेटर नसतो. ती बुडतात तेव्हा सरळ बुडतात, अधूनमधून बंद पडत नाहीत. इंजिनाला मात्र न वापरण्याचाही खर्च असतो, आणि तो भरायला कुणाचा हात पुढे येत नाही.

उस्तादांचा सल्ला सोपा होता. दर पंधरवड्याला पिंपात दहा मिनिटं चालवायची, शेवटी पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत चालू द्यायची, म्हणजे आत डिंक धरत नाही. आडवी निजवायची नाही, उभी ठेवायची. आणि खरी परीक्षा पिंपात होत नाही : पिंपात सगळीच इंजिनं पैलवान. ओझं घेऊन, पाण्यात, पूर्ण वेगानं चालली पाहिजे. ती परीक्षा राजाटाकळीच्या बंधाऱ्याच्या फुगवट्यात झाली. मी काठावर होतो. होडीत पाच पोरं आणि वजनासाठी खताच्या गोण्या. इंजिन लागलं, धार लागली, होडी मधोमध गेली, वळली आणि परत आली. काठावरच्या एका म्हाताऱ्यानं बिडी विझवून विचारलं, “हिला वाळू किती बसन?” सगळ्या कसोट्यांतली ही एक आम्ही घेतली नव्हती.

गावात बैठक झाली. शेतीच्या पाणीपाळीसारखी इंजिन चालवायची पाळी लावली आणि यादी मारुतीच्या देवळात डकवली. पंधरवड्याला एकेक घर. पिंप ग्रामपंचायतीचं, पाणी ज्याची पाळी त्याच्या विहिरीचं, दोरी ओढायला दोन गडी, नोंद वहीत सहीनिशी. सुस्थितीत हा शब्द वापरायचा नाही, धार पडली का एवढंच लिहायचं, असं भाच्यानं ठरावात घालून घेतलं. भाच्याच्या वहिनींनी विचारलं की बायकांचं नाव यादीत कामून नाही, पूर काय गडी बघून येतो? तेव्हा तीन नावं वाढली. पेट्रोल कुणाच्या पैशानं, हा मुद्दा मात्र पुढच्या बैठकीवर ढकलला गेला.